कुशल कोण, हे ठरवतं कोण?

(रेडिओवरील भाषण)

कुणी दुपारची भांडी आवरून बसला असाल, कुणी शेतातून नुकत्याच आला असाल, कुणी दुसऱ्या पाळीला निघण्याआधी डबा भरत असाल. त्या गडबडीत आमचं बोलणं ऐकता, म्हणून आधी तुमचे आभार.

मागच्या महिन्यात आमच्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्या गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधतात. सहा वर्षं झाली. रंगीत वायरी ओळखायच्या, फळीवरच्या खुंट्यांवरून ठरल्याप्रमाणे वळवायच्या, टोकाला कनेक्टर दाबून बसवायचे, वरून टेप गुंडाळायची. एका दिवशी कारखान्याच्या दारावर पाटी लागली, ‘कुशल कामगार पाहिजेत’. ताईंनी सुपरवायझरना विचारलं, ‘साहेब, मग मी कोण?’ ते म्हणाले, ‘ताई, तुमचं काम आठ दिवसांत शिकवता येतं. कागदावर तुम्ही अकुशल.’ ताई म्हणाल्या, ‘बरोबर आहे. पण आठ दिवसांत शिकवतं कोण? मीच ना?’

साहेबांनी उत्तर दिलं नाही. ताईंनी मग आम्हालाच विचारलं, ‘कुशल कोण, हे ठरवतं कोण?’

आम्ही सगळ्या मिळून उत्तर शोधायला बसलो, आणि शोधता शोधता शंभर वर्षं मागे, थेट विलायतेत जाऊन पोचलो. कारण कसबी माणसं मिळेनाशी झाली की कारखान्यातलं काम कसं वाटायचं, हा प्रश्न तिथं दोन महायुद्धांत फार मोठा झाला होता. त्याची उत्तरं जी निघाली, त्यांतलंच एक आपल्या ताईंच्या वाट्याला आलेलं आहे.

आधी एक घरची गोष्ट घेऊ. लग्नघरी दीडशे पानं जेवायची आहेत आणि ऐन वेळी आचारी आलाच नाही. बायका काय करतात? डोक्याला हात लावून बसत नाहीत. जिला पुरण नीट जमतं ती पुरणाशी बसते. एक नुसती कणीक मळते, एक उंडे भरते, दोघी लाटतात, एक तव्यापाशी. शेजारची नवी सूनही हाताशी येते, कारण तिला सगळी पुरणपोळी जमायची गरज नसते, तिच्या वाटणीचं एक काम जमलं की झालं. एका माणसाच्या हातातलं कसब आपण पाच जणींत वाटून टाकतो. कारखान्यांनी अगदी हेच केलं.

पहिलं महायुद्ध १९१४ साली सुरू झालं. इंग्लंडमध्ये तरुणांची सैन्यात भरती झाली, आणि त्यात लेथ चालवणारे, फिटर, हत्यारं बनवणारे असे कारागीरही निघून गेले. १९१५ च्या मध्यापर्यंत इंजिनिअरिंगच्या धंद्यातले जवळजवळ पाचातले एक पुरुष फौजेत गेले होते. इकडे आघाडीवर तोफगोळे पुरेनात. मे १९१५ मध्ये वर्तमानपत्रांतून त्याचा इतका गवगवा झाला की सरकार हादरलं. दारूगोळ्याचं वेगळं खातं काढलं गेलं आणि लॉईड जॉर्ज त्याचे मंत्री झाले. आघाडीवर गेलेल्या कारागिरांना परत आणायचेही प्रयत्न झाले. पण लेथवर हात बसायला उमेदवारीची पाच-सात वर्षं लागत, तेवढी सवड कुणाला होती?

मग काम फोडायचं ठरलं. एक कारागीर पूर्वी नकाशा वाचायचा, यंत्र लावून घ्यायचा, हत्याराला धार करायचा, तुकडा कापायचा आणि शेवटी माप तपासायचा. आता यंत्र लावून देणारा वेगळा, धार करणारा वेगळा. तुकडा चुकीचा बसूच नये म्हणून त्याला धरून ठेवणारे साचे केले, त्यांना आजही जिग-फिक्श्चर म्हणतात. मापासाठी गेज केलं. एका टोकाला तुकडा आत गेला पाहिजे, दुसऱ्या टोकाला जाता कामा नये. आकडे वाचायची गरजच नाही. राहिलं ते यंत्रापाशी उभं राहून हँडल फिरवणं आणि नजर ठेवणं. हे काम थोड्या दिवसांत शिकवता येत होतं, आणि ते करायला बायका आल्या. कुणी घरकामाला होत्या, कुणी शिलाई करणाऱ्या, कुणी नुसतं घर सांभाळणाऱ्या. लंडनजवळच्या वूलिच इथल्या शस्त्र कारखान्यात युद्धाच्या शेवटाला पंचवीस हजारांहून जास्त बायका होत्या. स्फोटकं भरताना टीएनटी नावाच्या द्रव्यानं काहींची कातडी पिवळी पडे, काही त्यात दगावल्याही. कष्ट सोपे नव्हते.

कसब असं पातळ करण्याला तिकडे ‘डायल्यूशन’ म्हणत. दुधात पाणी घालावं, तसा तो शब्द. जुन्या कारागिरांना तो जिव्हारी लागला. मैत्रिणींनो, त्यांची भीती आम्हाला खोटी वाटत नाही. आयुष्याची सात वर्षं उमेदवारीत घालून जे मिळवलं, ते आठ दिवसांत शिकलेल्या माणसाकडून कमी पैशात करून घेतलं जाणार असेल, तर उद्या आपली मजुरी कोण देईल? म्हणून त्यांच्या संघटनांनी १९१५ च्या मार्चमध्ये सरकारशी करार करताना कबूल करून घेतलं की ही सवलत युद्धापुरतीच.

आणि बायकांच्या मजुरीचं काय? ऑक्टोबर १९१५ मध्ये सरकारी परिपत्रक निघालं. कुशल कारागिराचं पूर्ण काम जी बाई करील तिला कारागिराचाच दर, असं त्यात होतं. ऐकायला किती छान! पण मेख त्या ‘पूर्ण’ शब्दात होती. यंत्र लावून देणारा पुरुष असला की मालक म्हणत, ‘पूर्ण काम ती कुठं करते?’ काम फोडल्यामुळेच ती आत आली होती, आणि काम फोडलंय म्हणूनच तिला पूर्ण दर नाही. मेरी मॅकआर्थर नावाची एक तडफदार बाई स्त्री कामगारांची संघटना चालवायची. तिनं या प्रश्नावर सरकारदरबारी खूप झगडून काही सुधारणा पदरात पाडून घेतल्या. पण युद्ध संपलं, १९१९ साली जुन्या पद्धती पुन्हा सुरू करायचा कायदा झाला, आणि त्या यंत्रांपाशी उभ्या असलेल्या बहुतेक बायका घरी गेल्या.

वीस वर्षांनी दुसरं महायुद्ध आलं आणि तीच ओढाताण पुन्हा सुरू झाली. पण या वेळी अमेरिकेत एक नवी गोष्ट घडली.

१९४० साली तिथल्या सरकारी शस्त्रागारांना दुर्बिणी आणि नेम धरायच्या उपकरणांसाठी लेन्स हव्या होत्या. लेन्स घासणारे साडेतीनशे कारागीर पाहिजेत, अशी मागणी आली. एक कारागीर तयार व्हायला पाच वर्षं लागत. काही अनुभवी लोकांना हा पेच सोडवायला बसवलं. त्यांनी कारागिराच्या शेजारी उभं राहून त्याचं काम बघितलं. त्यांच्या लक्षात आलं की त्या एका नावाखाली वीसेक निरनिराळी कामं आहेत. त्यांतली बरीचशी नवख्याला देता येतील, थोडीच खरी कठीण आहेत. सोपी कामं नव्या लोकांना दिली, कारागीर कठीण कामांसाठी मोकळे केले, आणि पाच वर्षांचं शिक्षण काही महिन्यांवर आलं.

याच लोकांनी मग शिकवायचंच एक शास्त्र केलं. ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’, म्हणजे कारखान्यातल्या कारखान्यात शिक्षण, असं त्या योजनेचं नाव. कसबी माणूस चांगला शिक्षक असेलच असं नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. वर्गात ते विजेच्या वायरीची एक गाठ घ्यायचे. पहिल्यांदा ती नुसती तोंडानं सांगायची, आणि शिकणाऱ्याला जमत नसे. मग न बोलता नुसती करून दाखवायची, तरी जमत नसे. मग पायरी पायरीनं सांगत, दाखवत, प्रत्येक पायरीची खुबी उलगडत शिकवायची, त्याच्याकडून करून घ्यायची, करताना त्यालाच बोलायला लावायचं. तेव्हा कुठं जमायची.

आपल्याला यात नवल वाटणार नाही. मोदकाच्या कळ्या कशा पाडायच्या, हे फोनवर सांगून कुणाला आलंय? आणि आजी भराभर करायची, ते नुसतं बघून तरी कुठं आलं? तिनं आपला हात हातात धरून ‘इथं अंगठा, इथं बोट, आता फिरव’ असं म्हटलं तेव्हाच आलं. आमच्या आज्यांना ते शास्त्र ठाऊक होतं, त्यांनी त्याचा तक्ता तेवढा केला नव्हता. त्या योजनेतून युद्ध संपेपर्यंत सोळा लाखांहून जास्त मुकादम आणि देखरेख करणारे शिकून निघाले. विद्यार्थ्याला आलं नाही तर चूक शिकवणाऱ्याची, अशी त्यांची धारणा होती. ‘बायकांना यंत्रातलं काय कळतं’ म्हणणाऱ्यांना हे उत्तरच होतं.

मिशिगनमध्ये विलो रन या ठिकाणी फोर्ड कंपनीनं बाँबफेकी विमानांचा अवाढव्य कारखाना उभारला. एका विमानात तीन लाखांवर रिव्हेट. जोडीनं काम चाले. एक जण बाहेरून रिव्हेटची बंदूक धरी, दुसरं माणूस आतून लोखंडाचा ठोकळा टेकवी. तिथं माणसंच टिकेनात, कारण राहायला घरं नव्हती आणि डेट्रॉईटहून रोज येणं लांब पडे. सुरुवातीला इतकं अडलं की लोक थट्टा करत. मग विमान लहान लहान भागांत आणखी फोडलं आणि पुष्कळशी जोडणी जिथं माणसं होती त्या दुसऱ्या गावांच्या कारखान्यांकडे पाठवली. माणूस कामाकडे येत नसेल तर काम माणसाकडे न्यायचं. १९४४ मध्ये तिथून साधारण तासाला एक विमान बाहेर पडू लागलं. तिथल्या कामगारांत जवळपास तिसरा हिस्सा बायकांचा होता.

आता आपल्या ताईंच्या प्रश्नाच्या अगदी जवळ येऊ. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहराबाहेर हिलिंग्टन इथं रोल्स-रॉइस कंपनीनं विमानाच्या मर्लिन इंजिनांचा नवा कारखाना काढला. १९४० मध्ये तिथून इंजिनं निघू लागली, आणि युद्ध संपेपर्यंत २३ हजारांहून अधिक निघाली. कंपनीच्या जुन्या कारखान्यांत मुरलेले कारागीर होते, पण या नव्या जागी तसे मिळणार नव्हते. म्हणून कामाची आखणीच अशी केली की नवशिक्या माणसानं ती करावी. यंत्रांपाशी हजारो बायका आल्या.

१९४० मध्येच संघटना आणि मालक यांच्यात एक करार झाला होता. पुरुषाच्या जागी आलेल्या बाईनं ३२ आठवडे काम केलं, आणि जास्तीची देखरेख किंवा मदत न घेता ती ते करू शकली, तर तिला पूर्ण दर. पुन्हा तोच ‘पण’! यंत्रात थोडा बदल केला, लावून द्यायला माणूस ठेवला, की मालक म्हणणार हे मदतीचं काम. शिवाय नव्या कारखान्यात पुरुषानं ते काम आधी केलेलंच नव्हतं, तर ती ‘पुरुषाच्या जागी’ आली कशी? ते बायकांचंच काम!

१९४३ च्या जानेवारीत इंजिनिअरिंग कामगारांच्या मोठ्या संघटनेनं पहिल्यांदाच बायकांना सभासद करून घेतलं होतं. वाटाघाटी झाल्या, चौकशी झाली, तरी समाधान होईना. ऑक्टोबर १९४३ च्या अखेरीस हिलिंग्टनचे हजारो कामगार बाहेर पडले. ध्यानात घ्या, युद्ध चालू आहे, इंजिनं लढाईला हवी आहेत, लोक त्यांना वाटेल ते बोलत आहेत. आणि बाहेर पडलेल्यांत पुरुषही होते. ते काही नुसत्या उदारपणानं आले नव्हते. बाई स्वस्त राहिली तर उद्या त्याच यंत्राचा दर आपल्यासाठीही उतरेल, हे त्यांना कळून चुकलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या भीतीनं पुरुष बायकांच्या आड आले, तीच भीती त्यांना आता बायकांच्या शेजारी घेऊन आली.

तोडगा निघाला तो फार साधा होता. कारखान्यातल्या यंत्रांची आणि त्यांवरच्या कामांची यादी केली आणि दर यंत्राला व कामाला लावला. यंत्रापाशी पुरुष उभा असो की बाई, तो दर तिथं उभ्या असलेल्या माणसाला. ‘पूर्ण काम’ की ‘मदतीचं काम’, हा वाद त्या यादीनं बाजूला सारला.

आम्हाला वाटतं, ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या यादीत आहे. उरलेलं अर्धं लंडनजवळच्या डॅगनममध्ये सापडतं.

तिथं फोर्डच्या मोटार कारखान्यात बायका गाडीच्या आसनांची कव्हरं शिवत. कामावर घेताना शिलाई यंत्रावर त्यांची परीक्षा घेतली जाई. तरी कंपनीनं नवी श्रेणी लावली तेव्हा त्यांना ‘ब’ श्रेणीत, म्हणजे कमी कसबाच्या कामात टाकलं. त्यांचं म्हणणं, आम्ही ‘क’ श्रेणीच्या. वर बायका म्हणून त्यांना ‘ब’ श्रेणीच्या पुरुषाच्याही ८५ टक्केच पगार. ७ जून १९६८ ला १८७ जणींनी काम थांबवलं. आसनाविना गाडी विकता येत नाही. कारखाना अडला. तीन आठवड्यांनी मंत्री बार्बरा कॅसल यांनी त्यांना बोलावून चहा पाजला आणि तडजोड झाली. पगार पुरुषांच्या ९२ टक्क्यांवर आला. पुढं १९७० साली समान वेतनाचा कायदा झाला.

पण मैत्रिणींनो, त्यांनी मागितलं काय होतं? ‘आमचं काम कसबाचं आहे असं लिहा.’ ते काही त्या वेळी मिळालं नाही. पैसे वाढले, नाव तेच राहिलं. ती श्रेणी मिळायला पुन्हा संप करावा लागला, आणि साल उजाडलं १९८४. सोळा वर्षं! तोवर १९६८ मधल्या कितीतरी जणी कामावरून निवृत्त झालेल्या होत्या. म्हणजे पैसे देण्यापेक्षा ‘कुशल’ हा शब्द देणं मालकांना जड गेलं. कारण पैसे एकदा दिले की संपतं, शब्द मात्र कायमचा दर ठरवतो.

आता आपल्या घरी येऊ. कसबी माणसांची चणचण आपल्याकडेही त्याच युद्धात भासली. १९४१ पासून बेव्हिन योजनेखाली हिंदुस्थानातले तरुण कामगार शिकायला इंग्लंडच्या कारखान्यांत धाडले गेले. ते सगळे मुलगे. स्वातंत्र्यानंतर १९५० साली केंद्र सरकारनं कारागीर प्रशिक्षणाची योजना काढली, त्यातूनच आपल्या तालुक्याच्या गावी दिसणाऱ्या आयटीआय उभ्या राहिल्या. हातात आयटीआयचा दाखला असला की माणूस कुशल, हे तेव्हापासून आपल्या अंगवळणी पडलं. दाखल्याला नावं ठेवायची नाहीत, आपल्या लेकींनी तो जरूर घ्यावा. पण ज्यांना तिथं पाठवलंच गेलं नाही, आणि ज्या यंत्रापाशीच शिकल्या, त्यांचं कसब कुठं लिहायचं, तो रकाना रिकामाच राहिला.

कायदा मात्र आपल्या बाजूचा आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या ३९ व्या कलमात आहे. १९७५ या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात अध्यादेश निघाला आणि १९७६ ला समान वेतनाचा कायदा झाला. त्यात ‘तेच काम किंवा त्याच स्वरूपाचं काम’ असे शब्द होते, आणि ते ठरवताना कौशल्य, मेहनत व जबाबदारी बघायला सांगितलं होतं. २०१९ च्या वेतन संहितेतही हेच तत्त्व पुढं घेतलं आहे. मुंबईतल्या एका जहाज कंपनीतल्या लघुलेखिकेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. १९८७ साली न्यायालयानं सांगितलं की दोन कामांत बारीकसारीक फरक असले म्हणून काम वेगळं होत नाही, एकूण काम बघायचं. आणि कंपनी अडचणीत आहे म्हणून बाईला कमी द्यावं, हेही चालणार नाही.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं आमच्या परीनं उत्तर असं. कुशल कोण, हे कामावरून आपोआप ठरत नाही. जो यादी करतो, तो ठरवतो. म्हणून यादी आपणही करायला शिकलं पाहिजे.

एक वही घ्या. तुमच्या कामाच्या पायऱ्या एकाखाली एक लिहा, आणि प्रत्येकीसमोर तिची खुबी लिहा. कुठल्या दोन रंगांत गल्लत होते, कनेक्टर नीट बसला हे बोटांना कसं कळतं, टेप किती ताणायची. चूक झाली तर किती नुकसान, तेही लिहा, कारण ती जबाबदारी. किती नव्या मुलींना शिकवलं, तारखांसह लिहा, कारण शिकवणं हे वेगळं काम आहे. तेच काम किंवा तसंच काम करणारे पुरुष असतील तर त्यांना काय दर आहे, विचारा. किमान वेतनाच्या सरकारी अधिसूचनेत कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी वर्गवारी असते. आपल्या धंद्याची अधिसूचना कामगार कार्यालयात जाऊन बघा. एकट्या जाऊ नका, चौघी मिळून जा. आणि शेजारच्या यंत्रावरच्या भावालाही सोबत घ्या. तुमचा दर खाली राहिला तर उद्या त्याचाही उतरेल, हे त्याला समजावून सांगा.

हे सगळं करून उद्याच पगार वाढेल, असं आम्ही म्हणत नाही. डॅगनमच्या बायकांना सोळा वर्षं लागली. पण कारखान्याला माणसं मिळत नाहीत, अशी ओरड आज पुन्हा चालू आहे, आणि चणचणीच्या दिवसांतच मालक ऐकून घ्यायला थोडा तयार असतो, हे आपण आत्ताच पाहिलं.

त्या ताईंनी परवा पुन्हा फोन केला होता. त्यांनी वही घातली आहे. पहिल्याच दिवशी पायऱ्या लिहायला बसल्या, तर एकतीस भरल्या. ‘मलाच ठाऊक नव्हतं हो,’ त्या म्हणाल्या, ‘मला एवढं येतं ते.’

तुमच्या वहीत किती पायऱ्या भरल्या, आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी त्या वाचून दाखवू. येतो आम्ही. नमस्कार.